नंदादेवी : तटबंदीआडचे शिखर, तिच्या चढाईचा इतिहास आणि १९८२ पासून बंद असलेली वाट

हिमरेषा

उत्तराखंडातील नंदादेवी (७,८१६ मीटर) हे कांचनजुंगानंतर भारतातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर आहे. कांचनजुंगा नेपाळच्या सीमेवर उभे असल्यामुळे, संपूर्णपणे भारताच्या हद्दीत असलेले सर्वांत उंच शिखर नंदादेवीच ठरते. तिच्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी, या हेतूने हा धागा सुरू करीत आहे. माझे म्हणणे आरंभीच मांडतो : नंदादेवीच्या इतिहासातील सर्वांत मोठा पराक्रम १९३६ ची शिखरचढाई हा नसून १९३४ साली तिच्या पायथ्यापर्यंत पोहोचणे हा आहे. दुसरे असे की, ज्या गावांच्या खांद्यांवरून हा सगळा इतिहास वर गेला, त्यांना विचारात न घेता १९८२ साली ती वाट बंद केली गेली आणि हा अन्याय अजून पुरता दूर झालेला नाही.

नकाशा समोर ठेवला, तर पहिला मुद्दा लगेच पटतो. नंदादेवीभोवती सुमारे ११० किलोमीटर परिघाचे पर्वतांचे कडे आहे. दुनागिरी, चांगबांग, कलंका, हरदेवल, मैकतोली, त्रिशूल अशी एकाहून एक बलाढ्य शिखरे या कड्यात उभी आहेत आणि त्यांच्यामधल्या खिंडीसुद्धा जवळपास कोठेही ५,२०० मीटरच्या खाली उतरत नाहीत. या तटबंदीला पश्चिमेकडे एकच फट आहे. ती म्हणजे ऋषिगंगेची घळ. आतल्या साऱ्या हिमनद्यांचे पाणी त्या एकाच घळीतून बाहेर पडते आणि तिचा वरचा भाग इतका अरुंद व उभा आहे की, स्थानिक मेंढपाळही आपली जनावरे घेऊन ठरावीक टप्प्यापलीकडे जात नसत.

१८८३ साली डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहॅम या घळीत शिरला आणि माघारी फिरला. १९०५ साली टॉम लाँगस्टाफने पूर्वेकडून, मिलामच्या खोऱ्याच्या बाजूने प्रयत्न केला. अलेक्सिस व हेन्री ब्रोशेरेल या इटालियन वाटाड्या बंधूंसह तो कड्यावरील सुमारे ५,९०० मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचला. आज ती लाँगस्टाफ कोल या नावाने ओळखली जाते. तिथून त्याला आतले खोरे दिसले, पण तिथे उतरता आले नाही. १९०७ साली तो ऋषिगंगेच्या बाजूने परत आला. त्या मोहिमेत ब्रोशेरेल बंधू व कर्बीर या गुरखा सैनिकासह त्याने त्रिशूल (७,१२० मीटर) सर केले. तोवर माणसाने गाठलेले ते सर्वांत उंच शिखर होते. घळीचा वरचा भाग मात्र तेव्हाही अजिंक्यच राहिला. पुढे ह्यू रटलेजने १९२६, १९२७ आणि १९३२ असे तीनदा प्रयत्न केले. ते तीनही निष्फळ ठरले.

अर्धशतकाच्या या अपयशानंतर १९३४ साली एरिक शिप्टन, बिल टिलमन आणि अंगथारके, पासांग व कुसांग हे तीन शेर्पा, अशी पाच माणसे घळीत शिरली. त्यांच्यामागे मोठा लवाजमा नव्हता. पाण्याच्या पातळीवरून वाट काढावी तर प्रवाह माणसाला टिकू देत नव्हता आणि वरून जावे तर कडे सरळ नदीत कोसळत होते. अखेर दक्षिणेकडच्या कड्यांवर एकाआड एक आलेल्या अरुंद कंगोऱ्यांना धरून, सामान दोराने ओढत आणि उतरवत ते पुढे सरकले. प्रत्येक कंगोरा पुढच्याला जोडलेला आहे की नाही, हे तिथे पोहोचल्यावरच कळत होते. असे अनेक दिवस काढल्यावर ते आतल्या कुरणांत पोहोचले. पावसाळ्यात बाहेर येऊन पावसाळा सरताना ते पुन्हा आत गेले, खोऱ्याचा बराचसा भाग नकाशावर आणला आणि नंदादेवीची दक्षिण धार चढण्याजोगी असल्याचा निष्कर्ष काढला. परतताना त्यांनी सुंदरढुंगा खिंड उतरून दक्षिणेकडची वाट धरली. त्या उतरणीच्या अवघडपणाविषयी स्वतंत्रपणे लिहिता येईल.

१९३६ ची ब्रिटिश-अमेरिकन मोहीम याच निष्कर्षावर उभी राहिली. दक्षिण धारेवर मुक्काम चढवत नेल्यावर अखेरच्या तळावर नोएल ओडेल आणि चार्ल्स ह्यूस्टन पोहोचले. तिथे डब्यातील मांसाने ह्यूस्टन आजारी पडला, त्याला खाली न्यावे लागले आणि त्याच्या जागी टिलमन वर आला. २९ ऑगस्ट १९३६ रोजी ओडेल आणि टिलमन माथ्यावर पोहोचले. कृत्रिम प्राणवायू वापरलेला नव्हता. १९५० साली अन्नपूर्णा सर होईपर्यंत याहून उंच शिखरावर कोणाही माणसाचे पाऊल पडले नव्हते. या यशाचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु दोन वर्षांपूर्वी त्या पाच जणांनी घळीचे कोडे सोडवले नसते, तर १९३६ ची मोहीम पायथ्यालाच संपली असती.

चढणवाट

धागा उत्तम आहे. मुख्य मुद्द्याशी मी बराचसा सहमत आहे. मात्र केवळ मुख्य शिखराचा इतिहास सांगितला, तर नंदादेवीची अर्धीच ओळख होते. नंदादेवी पूर्व (७,४३४ मीटर) हे तिचे जोडशिखर मुख्य शिखरापासून सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या धारेने जोडलेले आहे आणि गिर्यारोहणाच्या दृष्टीने तीच धार या पर्वताचा सर्वांत कठीण प्रश्न होती.

पूर्व शिखर प्रथम चढले ते पोलंडच्या मोहिमेतील याकुब बुयाक आणि यानुश क्लारनेर, २ जुलै १९३९ रोजी. लाँगस्टाफ कोलवरून निघणारी दक्षिण धार त्यांनी निवडली. त्याच मोहिमेतील नेता आदाम कार्पिन्स्की आणि स्तेफान बेर्नाद्झिकिएविच हे दोघे काही दिवसांनी तिरसुली शिखरावर हिमस्खलनात गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत युद्धाला तोंड फुटले आणि या यशाची जगाने जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी घेतली गेली नाही.

१९५१ साली फ्रेंच मोहिमेने जोडधार पार करायचे ठरवले. रॉजे दुप्ला आणि जिल्बेर विन्य मुख्य शिखराकडून पूर्वेकडे निघाले आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत. त्यांचा माग काढण्यासाठी लुई दुबो आणि तेनसिंग नोर्गे पूर्व शिखरावर चढले. ही त्या शिखराची दुसरी चढाई ठरली. दोन वर्षांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या तेनसिंगने आपल्या आयुष्यातील सर्वांत अवघड चढाई म्हणून नंदादेवी पूर्वचेच नाव घेतले, यावरून त्या धारेची कल्पना करता येते.

पंचवीस वर्षांनी, जून १९७६ मध्ये, भारत-जपान मोहिमेतील योशिनोरी हासेगावा आणि काझुशिगे ताकामी यांनी पूर्व शिखरावरून मुख्य शिखरापर्यंत ती धार पार केली. फ्रेंचांकडे नव्हती अशी एक गोष्ट या मोहिमेकडे होती : पलीकडच्या बाजूने दुसरी तुकडी आधीच मुख्य शिखरावर चढत होती, त्यामुळे धार ओलांडून येणाऱ्यांना उतरताना तिचा आधार मिळणार होता. मला या मोहिमेतील धाडसापेक्षा हे नियोजन अधिक मोलाचे वाटते.

गिरिकंदर

हिमरेषा यांनी शेर्पांची नावे आवर्जून दिली, याबद्दल आभार. त्यांना मी आणखी काही गोष्टी जोडू इच्छितो.

१९३६ च्या मोहिमेत पश्चिम नेपाळातील डोटी भागातून आलेले हमाल ऋषिगंगेच्या घळीत नदीच्या उताराशी थांबले आणि परतले. पुढचे सामान माणा गावच्या भारवाहकांनी आतल्या तळापर्यंत नेले. पुढे शेर्पांपैकी बहुतेक आजारी पडल्याने वरच्या मुक्कामांवरील ओझी सदस्यांना स्वतःच्या पाठीवर वाहावी लागली. कितार हा अनुभवी शेर्पा त्याच मोहिमेत बेस कॅम्पवर आजाराने मरण पावला. शिखरावर पोहोचलेल्या दोघांची नावे सर्वत्र छापली गेली. कितारचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

भारतीयांच्या चढाईविषयीही येथे नोंद व्हायला हवी. मुख्य शिखराची दुसरी चढाई १९६४ साली नरिंदर कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मोहिमेने केली. नवांग गोंबू आणि दावा नोर्बू माथ्यावर पोहोचले. १९८१ साली कर्नल बलवंत संधू यांच्या मोहिमेतून रेखा शर्मा, हर्षवंती बिष्ट आणि चंद्रप्रभा ऐतवाल या तिघी नंदादेवीवर चढल्या. या शिखरावर पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. हर्षवंती बिष्ट यांनी पुढे गंगोत्रीच्या वरच्या भागात भूर्जवृक्षांची लागवड केली आणि २०२१ मध्ये त्या भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पर्वत चढणे आणि पर्वत जपणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे मानणाऱ्यांनी त्यांचे काम अवश्य पाहावे.

उत्तरवारा

एक प्रश्न विचारतो. नंदादेवीचा परिसर बंद करण्यामागचे खरे कारण तिथे हरवलेले अणुयंत्र आहे, असे अनेक ठिकाणी ठामपणे लिहिलेले आढळते. यात तथ्य किती?

हिमरेषा

उत्तरवारा, यंत्राची गोष्ट खरी आहे. मात्र बंदीशी तिचा जोडला जाणारा संबंध मला पटत नाही.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने लोप नोर येथे पहिली अणुचाचणी केली. चीनच्या पुढील चाचण्यांवर आणि क्षेपणास्त्रांवर लक्ष ठेवण्यासाठी अमेरिका व भारत यांच्या गुप्तचर यंत्रणांनी नंदादेवीच्या माथ्यावर एक संवेदक बसवायचे ठरवले. त्याला वीज पुरवण्यासाठी प्लुटोनियमवर चालणारा जनित्र संच नेण्यात आला. प्लुटोनियमच्या किरणोत्सर्गातून निघणाऱ्या उष्णतेचे विजेत रूपांतर करणारे हे साधन होते. तो बॉम्ब नव्हता. भारतीय बाजूचे नेतृत्व मनमोहन सिंग कोहली यांच्याकडे होते. १९६५ च्या हेमंतात हवामान बिघडल्याने पथकाला शिखरावर पोहोचता आले नाही, म्हणून यंत्र वरच्या एका मुक्कामाजवळ खडकाला बांधून ते खाली उतरले. पुढच्या वर्षी जाऊन पाहिले, तर तिथे काहीच नव्हते. वारंवार शोध घेऊनही ते सापडले नाही. नंतर जवळच्या नंदाकोटवर (६,८६१ मीटर) दुसरे यंत्र बसवण्यात आले. ते काही काळ चालले आणि मग काढून आणले गेले.

ही बाब १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत तिची कबुली दिली. धोक्याचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांची समितीही नेमण्यात आली.

आता बंदीविषयी. यंत्र हरवल्यानंतर, १९७४ साली, हा परिसर परदेशी मोहिमांना खुला करण्यात आला आणि १९७४ ते १९८२ हाच तिथला सर्वांत वर्दळीचा काळ ठरला. किरणोत्सर्गाच्या भीतीने दार लावायचे असते, तर ते १९७४ साली उघडलेच नसते. बंदीचे जे कारण अधिकृतपणे सांगितले गेले, ते डोळ्यांना दिसत होते : जुनिपरची तोड, मोहिमांनी मागे टाकलेला कचरा, कस्तुरीमृग व भरल यांची शिकार. यंत्राची गोष्ट रंजक आहे, म्हणून ती प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ठरत नाही. तथापि ते प्लुटोनियम ऋषिगंगेच्या वरच्या खोऱ्यात कोठेतरी असणे ही गंभीर बाब आहे आणि तिच्याविषयीची माहिती लोकांसमोर येणे आवश्यक आहे, याविषयी दुमत नसावे.

देवदार

१९७६ चा उल्लेख निघालाच आहे, तर त्याच वर्षीची दुसरी मोहीमही नोंदवू या. भारत-अमेरिका मोहिमेने वायव्य बाजूने नवी, अत्यंत कठीण वाट काढली. १ सप्टेंबर १९७६ रोजी जॉन रॉस्केली, जिम स्टेट्स आणि लू रायकार्ट माथ्यावर पोहोचले. मोहिमेच्या नेत्यांपैकी एक विली अनसोल्ड होते. १९६३ साली एव्हरेस्टच्या पश्चिम धारेवरून चढलेल्या या गिर्यारोहकाने तरुणपणी नंदादेवी पाहिली आणि आपल्या मुलीचे नाव नंदादेवी ठेवले. ती मुलगी या मोहिमेत होती. ८ सप्टेंबर रोजी, सुमारे ७,३०० मीटरवरील चौथ्या कॅम्पवर, वडिलांच्या समोर तिचा मृत्यू झाला. ती बावीस वर्षांची होती. तिचे पार्थिव पर्वताच्याच स्वाधीन करण्यात आले.

या घटनेला 'देवीने आपली मुलगी परत घेतली' असे रूप देणारे लेखन मला अस्वस्थ करते. पोटाचा आजार, तीव्र उंची आणि वादळामुळे लांबलेला मुक्काम ही त्या मृत्यूची कारणे होती. श्रद्धेचा मी आदर करतो. नंदा ही गढवाल व कुमाऊं या दोन्ही प्रदेशांची लाडकी लेक मानली जाते आणि नौटीहून होमकुंडापर्यंत जाणारी नंदादेवी राजजात म्हणजे तिची सासरी पाठवणी, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या श्रद्धेचा आधार घेऊन एका तरुण मुलीच्या मृत्यूची कारणमीमांसा टाळणे योग्य नाही.

काठावरून

इतिहास वाचून आनंद झाला, परंतु 'अन्याय' या शब्दाला माझा आक्षेप आहे. बंदीनंतर या परिसरातील वनस्पती आणि वन्यजीव सावरले, हे तिथे गेलेल्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. १९८८ साली युनेस्कोने हा परिसर सामावणारे नंदादेवी राष्ट्रीय उद्यान जागतिक वारशाच्या यादीत घेतले. २००५ मध्ये फुलांच्या घाटीचा समावेश करून ते क्षेत्र वाढवण्यात आले. १९९३ साली लष्कराच्या अभियंत्यांची मोहीम आत गेली, तेव्हा तिला जुन्या मोहिमांचा कचरा मोठ्या प्रमाणात बाहेर काढावा लागला. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पची आजची अवस्था पाहता, जगातील एक तरी मोठे शिखर माणसांच्या गर्दीपासून मुक्त राहावे असे मला मनापासून वाटते. गिर्यारोहकांसाठी हिमालयात इतर शेकडो शिखरे आहेत.

गिरिकंदर

काठावरून, आपली तळमळ मला समजते आणि गिर्यारोहकांविषयी आपण म्हणता ते बहुतांशी मान्य आहे. परंतु हिमरेषा यांनी 'अन्याय' हा शब्द गिर्यारोहकांसाठी वापरलेला नाही. तो लाता आणि रैणी या गावांसाठी वापरला आहे.

ही भोटिया समाजाची गावे आहेत. १९६२ नंतर तिबेटशी असलेला व्यापार बंद झाला आणि त्यांच्या उपजीविकेचा मोठा आधार गेला. मोहिमांची ओझी वाहणे, वाटाड्या म्हणून जाणे आणि धरांसीसारख्या उंच कुरणांवर मेंढ्या चारणे यांवर त्यांचे घर चालू लागले. १९८२ साली तेही एका आदेशाने थांबले. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, हे तेच रैणी आहे, जिथे २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावातील स्त्रियांनी झाडांना कवटाळून ठेकेदाराची माणसे परत पाठवली. ज्यांनी जंगल वाचवून दाखवले, त्यांनाच जंगलापासून दूर ठेवणे हा माझ्या मते या धोरणाचा सर्वांत मोठा दोष आहे. लाताच्या रहिवाशांनी १९९८ साली 'झपटो छीनो' आंदोलन करून उद्यानाच्या गाभा क्षेत्रात प्रवेश केला, तो याच कारणासाठी. त्यानंतर स्थानिकांच्या सहभागाने मर्यादित पर्यटनाला परवानगी मिळाली. पण ती वाट डिब्रुघेटाच्या आसपास थांबते, आतल्या खोऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी बाजूही पाहावी. त्याच ऋषिगंगेवर, उद्यानाच्या उंबरठ्यावर, रैणीजवळ जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला, त्याचा लोंढा खोऱ्यातून खाली आला, तो प्रकल्प वाहून गेला आणि तपोवनच्या प्रकल्पावरील बोगद्यांत माणसे अडकली. दोनशेहून अधिक लोक मृत अथवा बेपत्ता झाले. कडा कोसळणे नैसर्गिक होते, परंतु इतकी माणसे त्या वेळी नदीच्या पात्रात कामावर होती, हे नैसर्गिक नव्हते. जिथे मेंढ्यांना मनाई आहे, त्या जागेच्या अगदी खाली सुरुंग लावून बोगदे खणण्याला परवानगी मिळते. या नियमाला मी संवर्धन म्हणू शकत नाही.

काठावरून

प्रकल्पाविषयीचा मुद्दा पूर्णपणे मान्य. आतल्या खोऱ्यात मोठ्या मोहिमा नकोत, या मतावर मात्र मी ठाम आहे. कुरणांवरील हक्क आणि मोहिमांना परवानगी हे दोन प्रश्न वेगळे करून पाहिले, तर आपल्यातील मतभेद फारच थोडा उरतो.

हिमरेषा

हे वेगळेपण मलाही मान्य आहे. माझी मागणी अशी की, आतल्या खोऱ्यात वर्षाला मोजक्या, लहान तुकड्यांना प्रवेश मिळावा, वाटाडे आणि भारवाहक लाता-रैणी-तोलमा येथीलच असावेत, इंधन बाहेरून न्यावे आणि तुकड्यांची संख्या ठरवण्याचा अधिकार गावांच्या वनपंचायतींनाही असावा. १९३४ ची मोहीम पाच माणसांची होती. त्या मापाच्या तुकड्यांनी खोऱ्याची हानी झाली नसती. हानी केली ती १९७४ नंतरच्या, शेकडो हमालांच्या मोहिमांनी.

उत्तरवारा

यंत्राविषयीच्या खुलाशाबद्दल आभारी आहे. शेवटची विचारणा : सध्या परवानगीच्या मर्यादेत राहून नंदादेवी जवळून पाहायची असेल, तर कोणती वाट सुचवाल?

चढणवाट

दुरून पाहायचे असेल, तर पश्चिमेकडून औली व कुआरी खिंड आणि दक्षिणेकडून कौसानी व बिनसर ही ठिकाणे उत्तम आहेत. जवळून पाहायचे असेल, तर मुनस्यारीहून गोरीगंगेच्या काठाने बुगडियार, मारतोली आणि लवां या मार्गाने नंदादेवी पूर्वच्या बेस कॅम्पपर्यंत जाता येते. हा भाग तटबंदीच्या बाहेर असल्याने उद्यानाची बंदी तिथे लागू होत नाही, मात्र सीमावर्ती क्षेत्र असल्याने प्रवासाचे परवाने मुनस्यारीतच घ्यावे लागतात. मारतोलीत नंदादेवीचे जुने मंदिर आहे. बेस कॅम्पच्या पलीकडे, वरच्या हिमनद्यांवर, योग्य मोहीम आणि परवाना नसताना जाऊ नये. मे २०१९ मध्ये याच बाजूला एका अनामिक शिखरावर हिमस्खलन होऊन आठ जणांचे प्राण गेले आणि त्यातील सात जणांची पार्थिवे खाली आणण्यासाठी भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांना अनेक दिवस जिवावर उदार होऊन काम करावे लागले. मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा. पावसाळ्यात गोरीगंगेच्या काठची वाट दरडींमुळे वारंवार तुटते.